गॅस जातो कुठे?

आमच्या वडोदऱ्याच्या घरातील दीड टनी एसी २०२१ ते २०२३ असे सलग तीन उन्हाळे एकाच दुखण्याने आजारी पडला. मे महिना उजाडला, की खोलीतील हवा नुसती फिरत राही. गार म्हणून होत नसे. त्या दिवसांत वडोदऱ्यात दुपारी पारा ४२-४३ अंशांच्या घरात असतो. घरात ८२ वर्षांची आई, त्यामुळे ‘पाहू पुढच्या आठवड्यात’ म्हणण्याची सोय नव्हती. चौकातल्या दुकानातून मेकॅनिक येई, खिडकीतून वाकून बाहेरच्या युनिटच्या नळीला हात लावी, मीटर जोडून काटा पाही आणि पाच मिनिटांत निकाल देई, “काका, गॅस खलास थई गयो छे.” पाऊण तासात गॅस भरला जाई, खोली गार होई, आईला झोप लागे आणि मी समाधानाने पैसे मोजी. पहिल्या वर्षी २,५०० रुपये, दुसऱ्या वर्षी २,८०० आणि तिसऱ्या वर्षी ३,०००.

माझी ३३ वर्षे बँकेत गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक कर्ज विभागात. एखादा कारखानदार दर वर्षी न चुकता माझ्या टेबलासमोर येऊन ‘खेळते भांडवल संपले, मर्यादा वाढवून द्या’ असे म्हणाला असता, तर मी त्याला पहिला प्रश्न विचारला असता, की बाबा रे, पैसा जातो कुठे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत कागदावर सही केली नसती. आणि घरच्या यंत्रात मात्र मी तीन वर्षे मुकाट्याने भांडवल ओतत राहिलो. गॅस जातो कुठे, हे विचारायचे मला सुचलेही नाही.

वास्तविक हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातले ज्ञान आहे. एसीमधला गॅस मोटारीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही, की झिजत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तो फिरत असतो. खोलीतील उष्णता शोषताना त्याची वाफ होते, बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता सोडताना तो पुन्हा द्रवरूप होतो आणि हे चक्र यंत्राच्या आयुष्यभर चालू राहू शकते. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रीज याच तत्त्वावर चालतो. त्यात १५-१५ वर्षे कोणी गॅस भरत नाही आणि आपल्याला त्याचे नवलही वाटत नाही. तेव्हा एसीतला गॅस कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच, की नळीला किंवा तिच्या जोडाला कोठे तरी गळती आहे. ती न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. दुसरेही एक ध्यानात घ्यावयास हवे. खोली गार होत नाही याचे कारण प्रत्येक वेळी गॅस हे नसतेच. धुळीने गच्च भरलेली जाळी, बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर बसलेला कचरा, अशक्त झालेला कॅपॅसिटर, ही साधी आणि स्वस्त कारणे आधी तपासावी लागतात. जाळी तर आपल्याला घरच्या नळाखाली धुता येते. पण जाळी धुण्याचे कोणी ३,००० रुपये देत नाही आणि गॅसचे देतो, ही खरी मेख आहे.

चौथ्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या एप्रिलमध्ये, शेजाऱ्यांनी एका वयस्क मेकॅनिकचे नाव सुचविले. मूळचा नंदुरबारकडचा, तरुणपणी आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा अभ्यासक्रम केलेला आणि पुढे पोटासाठी इकडे येऊन स्थायिक झालेला. स्कूटरवरून एक मदतनीस घेऊन तो आला. आल्याबरोबर त्याने सांगितले, “तपासणीचे ५०० रुपये वेगळे पडतील. दुरुस्ती माझ्याकडून करा अथवा करू नका.” मी लगेच घासाघीस सुरू केली. नुसते पाहण्याचे ५०० रुपये? त्यावर सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “डॉक्टर नाडी पाहण्याचे घेतात ते बरे चालते!” मी गप्प बसलो.

पुढचा दीड तास मी खुर्ची टाकून त्याचे काम पाहत होतो. प्रथम त्याने युनिटवरची पत्र्याची पट्टी वाचली. त्या पट्टीवर कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे कारखान्यातूनच छापलेले असते. इतक्या वर्षांत ती मला दिसली नव्हती. आमच्या यंत्रात आर-३२ हा गॅस होता. मग त्याने विजेरी लावून एकेक जोड न्याहाळला. बाहेरच्या युनिटपाशी नळी जेथे नटाने आवळलेली असते, तेथे एक तेलकट, काळपट डाग होता. कॉम्प्रेसरमधले तेल गॅसबरोबर नळ्यांतून फिरत असते. गॅस उडून जातो, तेल मात्र गळतीच्या जागी राहते आणि त्यावर धूळ बसते. तीन वर्षे तो डाग तेथेच असणार! त्याने उरलासुरला गॅस काढून घेतला आणि नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून जोडावर साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले. त्याने नळीचे टोक कापले, नवे पसरून घडविले, नट आवळला, पुन्हा नायट्रोजन, पुन्हा फेस. या वेळी फेस शांत राहिला.

मग एक लहानसा पंप जोडून तो स्वस्थ बसला. दहा मिनिटे झाली, वीस झाली. माझी चुळबुळ पाहून त्याने खुलासा केला, की नळ्यांतील हवा आणि दमटपणा हा पंप ओढून घेतो. ओल आत राहिली, तर तेलाबरोबर तिचे आम्ल होते आणि ते कॉम्प्रेसरची आतली तार खाते. आधीच्या तिघांनी हा पंप आणलाच नव्हता. अखेरीस त्याने गॅसची टाकी वजनकाट्यावर ठेवली आणि पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिले होते, तेवढेच मोजून आत सोडले. तत्पूर्वी गॅलरीत उभ्या असलेल्या मदतनिसाला त्याने विडी विझवायला लावली, कारण आर-३२ हा सौम्य का होईना, ज्वलनशील गॅस आहे. अलीकडच्या काही यंत्रांतील आर-२९० म्हणजे तर शुद्ध प्रोपेन. (नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनच्या टाकीने दाब तपासणारे महाभागही आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले, की स्फोट होतो. घरी अशी टाकी आलेली दिसली, तर काम तेथेच थांबवावे.) तपासणीसह एकूण बिल ४,२०० रुपये झाले. तीन वर्षांत मी ८,३०० रुपये हवेत सोडले होते, त्याचा हा जवळजवळ निम्मा भाग.

आता यात दोष कोणाचा? ‘मेकॅनिक लुबाडतात’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. आपण दुकानात फोन करून विचारतो काय? ‘गॅस भरायचे किती घ्याल?’ बाजार आपल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. आपण गॅस मागतो म्हणून तो गॅस विकतो. निदानाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, मग निदान करणारा माणूस त्या बाजारात टिकावा कसा? पंप, वजनकाटा, नायट्रोजनची टाकी यांत पैसा घालणारा मेकॅनिक दर सांगताना अर्थातच महाग ठरतो. एक रबरी नळी आणि एक टाकी घेऊन फिरणारा त्याच्यावर मात करतो. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून घालवून देते, हा ग्रेशॅमचा नियम आपण बँकेच्या परीक्षांसाठी पाठ केला होता. तो नाण्यांपुरताच आहे असे समजायचे कारण नाही.

कोणी म्हणेल, मे महिन्याच्या भर दुपारी घरात आजारी माणूस असताना नायट्रोजन आणि साबणाच्या गोष्टी कोणाला सुचतात? खरे आहे. त्या दिवसांत मेकॅनिकलाही दिवसाला दहा-दहा घरे करावयाची असतात, त्याच्यापाशीही वेळ नसतो. म्हणूनच त्याला फेब्रुवारीत बोलवावे. तेव्हा तो निवांत असतो, दर उतरलेले असतात आणि गळती सापडली, तर एक दिवस यंत्र बंद ठेवूनही चालते.

वॉरंटी चालू असेल, तर प्रथम कंपनीच्या सेवा केंद्राकडेच जावे, यात वाद नाही. अनेक यंत्रांच्या कॉम्प्रेसरची वॉरंटी संपूर्ण यंत्राच्या वॉरंटीहून लांब असते. बाहेरच्या माणसाने हात लावल्यास ती नाकारली जाऊ शकते, हे कार्ड वाचून पाहावे. मात्र सेवा केंद्राचा क्रमांक त्या कार्डावरून किंवा यंत्रावरूनच घ्यावा. मोबाइलवर शोधून पहिला दिसेल तो क्रमांक फिरविणाऱ्या ग्राहकांचे काय होते, हे आपल्या शाखांतील सहकाऱ्यांना ठाऊक आहे. पलीकडचा गोड आवाज ‘नोंदणीसाठी १० रुपये पाठवा, हे ॲप उतरवून घ्या’ असे सांगतो आणि एसी राहतो बाजूला, खाते रिकामे होते. तसे घडलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. त्यात जितका उशीर, तितकी पैसे अडविण्याची शक्यता कमी.

वॉरंटी संपल्यावर मात्र माझा कौल वस्तीतल्या मेकॅनिकच्या बाजूने आहे. एक तर तो उद्याही तेथेच असतो. मोठ्या केंद्राकडून दर वेळी नवा मुलगा येतो, त्याला मागचा इतिहास माहीत नसतो. दुसरे म्हणजे, आपले हवामान ठिकाणागणिक निराळे आहे. मुंबई-चेन्नईला खारा वारा कॉइलचे पत्रे खातो, दिल्लीला धूळ, तर जुन्या इमारतींत सांडपाण्याच्या नळांजवळ बसविलेल्या युनिटचे तांबे तेथल्या वायूंनी काळे पडते. हे त्या गल्लीत वीस वर्षे काम केलेल्या माणसाला न सांगता कळते.

बदलीच्या निमित्ताने बिऱ्हाड हलविणाऱ्या बंधू-भगिनींसाठी एक अनुभवाची गोष्ट येथेच सांगून टाकतो. एसी काढण्यापूर्वी यंत्र चालू ठेवून आधी एक झडप आणि थोड्या वेळाने दुसरी बंद केली, की सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये येऊन कोंडला जातो. याला ‘पंप डाउन’ म्हणतात. माझ्या चार बदल्यांत तीनदा एसी काढताना नट सैल करून गॅस फुस्सदिशी सोडून दिला गेला आणि नव्या गावी त्याचे पैसे मी पुन्हा भरले. पंप डाउन करणार का, एवढे आधी विचारावे.

सोडून दिलेल्या त्या गॅसचा हिशेब केवळ आपल्या खिशाशी संपत नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ ओझोनच्या थराला मारक असून तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट प्रभावी आहे. आर-४१०ए ओझोनला त्रास देत नाही, पण तापमानवाढीत तो सुमारे २,१०० पटींवर जातो. आर-३२ त्या मानाने सौम्य, तरीही पावणेसातशे पट. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ जाहीर केला, तेव्हा २०२२-२३ पर्यंत एक लाख दुरुस्ती-तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट त्यात होते, ते याच कारणासाठी. आपल्याकडे येणाऱ्या मेकॅनिकला ‘तुमच्याकडे असे प्रमाणपत्र आहे का?’ असे आपण कितीदा विचारले आहे?

या सगळ्यापेक्षा माझ्या मनाला अधिक लागून राहिलेली गोष्ट निराळी आहे. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बाहेरचे युनिट दीड फुटी छज्जावर. २०२२ साली आलेला मुलगा जेमतेम १९-२० वर्षांचा होता. खिडकीची जाळी सरकवून तो चपला काढून अनवाणी छज्जावर उतरला. ना दोरी, ना पट्टा. सौभाग्यवती ओरडल्या, तर तो हसून म्हणाला, “रोजनुं छे, आंटी.” मी खिडकीतून हात घालून त्याची कंबर धरून उभा राहिलो. त्याचा पाय घसरला असता, तर मी त्याला सावरू शकलो असतो असे नव्हे. मीही गेलो असतो. पण काम थांबव, असे काही मी म्हणालो नाही. आत आई उकाड्याने तळमळत होती आणि मला यंत्र सुरू होऊन हवे होते.

नंदुरबारकडच्या त्या गृहस्थाने २०२४ मध्ये गॅलरीतील खांबाला दोर बांधला, अंगात पट्टा चढविला आणि मगच छज्जावर पाय ठेवला. सगळ्याला दहा मिनिटे लागली असतील. ती दहा मिनिटे, तो पट्टा, तो दोर हे सारे त्याच्या दरात मिळविलेले असते आणि आपण घासाघीस करून नेमके तेच कापतो. खरे तर हा प्रश्न यंत्र बसवितानाच सुटावा. माणसाला दोन्ही पायांवर नीट उभे राहून काम करता येईल अशाच जागी बाहेरचे युनिट बसवावे. गॅलरीची थोडी जागा अडली तर अडू द्यावी. आमच्या सोसायटीत मी हा ठराव मांडला, तेव्हा इमारतीची शोभा जाते असा आक्षेप निघाला. ठराव अद्याप प्रलंबित आहे.

अपघात विमा हा काही पट्ट्याला पर्याय नव्हे. तरीही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला वर्षाला अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. तिचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणजे हंगामाच्या ऐन भरात. त्या दिवशी खात्यात २० रुपयेही शिल्लक नसल्यामुळे ज्यांचे संरक्षण तुटते, त्यांत असे छज्जावर चढणारे हात किती असतात, हे शाखेतल्या मित्रांनी एकदा डोळ्यांखालून घालावे.

आणि बिल. ते मागायला आपल्याला संकोच वाटतो, किंवा ‘बिलाशिवाय किती?’ असे आपणच हळूच विचारतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर बहुतेक राज्यांत त्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. तेव्हा साध्या छापील पावतीवर त्याने सही करून दिली, तरी ते पक्के बिलच होय. उलट, नोंदणी क्रमांक न दाखविता जो जीएसटी लावतो, त्याला हटकावे. पावतीवर गॅसचे नाव, ग्रॅम आणि गळती कोठे होती, हे लिहून घ्यावे. पुढे तक्रारीची वेळ आली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला सांगावे लागले, तर हाच कागद उपयोगी पडतो.

पण पावतीचा उपयोग केवळ आपल्यालाच असतो असे नाही, आणि हे मी जरा अपराधी मनाने लिहीत आहे. २०१६ साली, मुद्रा योजना सुरू होऊन वर्ष उलटले होते तेव्हा, असाच एक मेकॅनिक माझ्याकडे ४०,००० रुपयांच्या कर्जासाठी आला होता. पंप, वजनकाटा आणि नायट्रोजनची टाकी घ्यावयाची, असे त्याने अर्जात लिहिले होते. हात कुशल होता, गिऱ्हाईक होते, पण उत्पन्नाचा एकही कागद नव्हता. सगळा व्यवहार रोखीचा, पावतीपुस्तक नाही, खात्यात महिनोन् महिने जमा नाही. परतफेडीची क्षमता मी कशावरून ठरवावी? मी अर्ज परत केला. नियमाला धरून केला. त्याने ती यंत्रे कधी घेतली की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित पाच वर्षांनी माझ्याच घरी पंपाशिवाय गॅस भरून गेलेल्यांपैकी कोणी त्याच्याच हाताखाली शिकलेला असेल.

आज स्थिती बदलली आहे. त्याला यूपीआयने दिलेले ५०० रुपयेदेखील त्याच्या खात्यात तारखेसह उमटतात. शे-दीडशे घरांनी असे पैसे दिले, तर वर्षअखेर त्याच्या हाती खातेउतारा येतो. उद्यमची नोंदणी विनामूल्य आहे. आणि शिशु वर्गातील ५०,००० रुपयांपर्यंतचे मुद्रा कर्ज विनातारण आहे. जो अर्ज मी परत केला, तो आता मंजूर करावयास मला अडचण वाटली नसती. रोख दिल्यास काही सूट मिळते का, असे विचारताना आपण त्याच्या या उताऱ्यातली एक ओळ खोडत असतो.

आमच्या मेकॅनिकने दिलेली गुलाबी कार्बनची पावती मी पासबुकाच्या पाकिटात ठेवली आहे. ‘बाहेरील फ्लेअर जोड गळत होता, नवा केला. नायट्रोजन तपासला. आर-३२ पट्टीप्रमाणे वजन करून’ असे तिच्यावर त्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलेले आहे. पुढच्या फेब्रुवारीत तो सफाईसाठी आला, तेव्हा मी ती काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती वाचली, पट्टा चढवून छज्जावर गेला, जोडावर बोट फिरवून ते मला दाखविले. कोरडे होते. मी सवयीने विचारले, “थोडा गॅस भरून ठेवता का, उन्हाळ्यापुरता?”

“कशाला, काका?” तो म्हणाला, आणि जाळी धुवायला मोरीकडे गेला.